बया कुणाच्या घरी आली?

आमच्या माले गावच्या घरात मधोमध कारवीचा कूड होता. डोंगरावरून कारवीच्या काठ्या तोडून आणायच्या, त्या उभ्या ओळीने बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या, की झाली भिंत. दिसायला ती भिंत होती, पण ऐकायला तिचा काही अडथळा नव्हता. पलीकडे काकी भाकरी थापू लागली की तिचा टप टप आवाज आमच्या चुलीपाशी येई. आईने सुक्या मिरचीची फोडणी दिली की पलीकडे धाकटी मनी शिंकायची आणि मग काकी मोठ्याने म्हणायची, "मेलं लोकांचं लक्षणच जहाल!" आई फक्त आणखी एक मिरची टाकी.

मुलांनो, तुम्हाला सगळं नीट कळावं म्हणून आधी माणसं सांगते. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, त्यांना आम्ही दादा म्हणत असू. दादांचे थोरले भाऊ ते तात्या, आणि तात्यांची बायको ती काकी. तात्यांची मुलगी शेवंता माझ्याच वयाची. माझी धाकटी बहीण हिरा आणि शेवंताची धाकटी बहीण मनी याही एकमेकींच्या वयाच्या. दादा आणि तात्यांचे वडील, आमचे आबा, तेव्हा हयात होते. त्यांची बायको, आमची आजी, तिला सगळं गाव बया म्हणायचं. ही बया हिरा-मनीच्या जन्माआधी वारली होती. एवढी माणसं लक्षात ठेवली की पुरे.

बया गेली आणि दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. भाताच्या गोळ्यावर दही घातलेलं, जवळ तिची आवडती हुलग्याची उसळ ठेवलेली, सगळा गाव दूर सरून उभा, आणि आभाळात एकही कावळा नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरवाने दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं घरी आली. मेलेल्या माणसाची काही इच्छा उरली की कावळा शिवत नाही, असं आमच्याकडे मानतात. तात्या म्हणाले, तिचा जीव धाकट्यामुळे अडकला, त्याने शेवटच्या दुखण्यात हेळसांड केली. दादा म्हणाले, थोरल्यामुळे अडकला, त्याचं वागणं तिला कधी पटलं नाही. बोलण्याने बोलणं वाढलं, तेराव्यानंतर चुली वेगळ्या झाल्या आणि मध्ये कूड उभा राहिला. आबांचीसुद्धा वाटणी झाली. एक महिना ते आमच्याकडे जेवत, एक महिना तात्यांकडे. महिना पालटला की आपली जेवणाची पितळी काखेला मारून ते अंगणातून पलीकडे जात आणि जाता जाता म्हणत, "चला, मुक्काम हलला."

भाऊ एकमेकांशी बोलत नसत. अगदीच अडलं तर म्हशीशी बोलत. तात्यांचा बैल आमच्या पेंढ्यात शिरला की दादा गोठ्याकडे तोंड करून म्हणायचे, "म्हशे, सांग त्यास्नी, बैल बांधा म्हणावं." तात्या पलीकडून म्हणायचे, "म्हशे, सांग त्यास्नी, दावं तुटलंय म्हणावं." म्हैस रवंथ करत राही. मी आणि शेवंता मात्र कुडाला पडलेल्या एका भोकातून उकडलेले वाल, भाजलेले चिंचोके, उन्हाळ्यात करवंदं असं सगळं इकडून तिकडे पाठवत असू. चुली वेगळ्या झाल्या म्हणून आमचं खाणं कमी झालं नाही, उलट दोन घरचं मिळू लागलं.

बया गेल्यावर वर्षाच्या आत दोन्ही घरांत मुली झाल्या. घरात मरण झालं आणि पाठोपाठ मूल जन्मलं की गेलेलं माणूस परत आलं असं आमच्याकडे सहज म्हणतात. त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण इथे दोन मुली झाल्या होत्या, आणि बया तर एक. आई म्हणायची, हिराची हनुवटी बघा. काकी म्हणायची, मनीचं रुसणं बघा. पाळण्यात दोघींचं नाव बयाचंच ठेवलं होतं, हाकेची नावं तेवढी वेगळी. आज मी हे लिहिताना हसते आहे, पण त्यामागे काय होतं ते मला मोठेपणी कळलं. बया ज्याच्या घरी परत आली, त्याच्यावर ती रागावून गेली नव्हती, असा त्याचा अर्थ होता. दोन्ही भावांना तेवढंच हवं होतं.

मला हवं होतं ते वेगळंच होतं. गावातली शाळा संपवून शेवंता आणि मी पौडच्या शाळेत जाऊ लागलो होतो. पहाटे निघायचं, फडक्यात नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी, वाटेत ओढा, रान, मग सडक. नुकतं इंग्रजी सुरू झालं होतं आणि मला ते फार आवडायचं. ओढा ओलांडताना मी इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणायची आणि शेवंता म्हणायची, "गप गं कमे, बिबट्याला वाटंल बोलावतीया." दादांनी शाळेला परवानगी दिली होती ती एकाच अटीवर: "दोघी असाल तर जावा. एकटी पोर रानातनं जायाची न्हाई." त्या वर्षी भात झोडून झाल्यावर तात्यांनी ठरवलं की आता हे गाव नको. काकीचं माहेर भरे गावचं. तिच्या भावाने तिथे अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्याने, शेत करायला बोलावलं होतं. तो बैलगाडी घेऊन सामान न्यायला येणार हेही ठरलं. शेवंता गेली की माझी शाळा संपली. मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "लिहाय-वाचाय येतंय न्हवं? बास की मग." ती वाईट नव्हती. तिला तेवढंही येत नव्हतं.

अशात पौडला तंबूतला सिनेमा आला.

गाडीवर कर्णा लावून एक माणूस गावोगाव ओरडत फिरला. पुनर्जन्माची कहाणी, मेलेली आई परत येते, बायकांनी पदर आणि पुरुषांनी धोतराचा सोगा बरोबर आणावा, रडल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही! चित्रपटाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही लगेच फोनवर शोधाल आणि मग माझ्या आठवणीतला चित्रपट बिघडेल. मेलेली आई परत येते म्हटल्यावर आमच्या घरातून कोण मागे राहणार? संध्याकाळी दोन्ही घरांच्या गाड्या निघाल्या, एकीमागे एक. आबांचा तो महिना तात्यांकडचा, म्हणून ते पुढच्या गाडीत होते.

तंबूत एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मध्ये दोरीवर सतरंजी टांगलेली. खाली आपापली घोंगडी अंथरायची. बाहेर इंजिन धडधडत होतं आणि त्याच्या धुराचा वास भजीच्या वासात मिसळला होता. चित्रपटात मोठं घर होतं, तीन मुलगे, तीन सुना आणि सतत भांडणं. बिचारी आई भांडण सोडवताना जिन्यावरून पडते आणि मरते. तिच्या अंगातून तिच्यासारखीच एक धुरकट बाई उठते आणि भिंतीतून आरपार निघून जाते. तेव्हा बायकांच्या बाजूने जो आकांत उठला तो मयताच्या घरीसुद्धा मी ऐकला नव्हता. मग ती आई गरिबाच्या घरी मुलगी होऊन जन्मते, पाच वर्षांची झाल्यावर चालत त्या मोठ्या घरी येते आणि ओळखू लागते. हा माझा झोपाळा, ही माझी तपकिरीची डबी. दिवा आपोआप लागतो. मुलगे खोटं म्हणतात, वस्तू मांडून परीक्षा घेतात, मुलगी सगळ्या बरोबर ओळखते. नेमक्या त्या वेळी फीत तुटली. पडदा पांढरा झाला आणि आमच्या शेजारच्या काशीआत्याचा आवाज तंबूभर घुमला, "आरं, म्हातारीला जिन्यात नगा अडकवू परत!" फीत जोडली. मुलगे त्या पोरीच्या पायाशी लोळले, सुना एका ताटात जेवल्या आणि सगळा तंबू नाकं शिंकरत बाहेर पडला.

परतताना ओढ्यापाशी काशीआत्याने विषय काढला. ती गावची सुईण. हिरा आणि मनी दोघी तिच्याच हातावर जन्मलेल्या. ती दोन्ही गाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आपल्यात बी घ्यावी की परीक्षा. एकदा काय ते हुन जाऊ दे. बयाच्या वस्तू मांडा, पोरी सोडा. जी वळखंल ती बया."

"पर शिनेमात ती पोर माहेराला बी जाती," कुणीतरी म्हणालं. "बयाचं माहेर तर धरणात बुडालंय."

"मग ते सोडू," काशीआत्या म्हणाली. "पोरींना पाण्यात कशाला घालायच्या?"

तात्या आपल्या बैलांना म्हणाले, "आमी तयार हाय." दादा आपल्या बैलांना म्हणाले, "आमी बी."

ओढा ओलांडायला आम्ही पोरी गाड्यांतून उतरलो, तेव्हा मी शेवंताकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "आमची मनी बया निघाली तर तात्या तिला घिऊन ताठ मानेनं भऱ्याला जाईल. तुमची हिरी निघाली तर रागानं जाईल. जायाचं काय चुकत न्हाई."

परीक्षा रविवारी ठरली. त्याआधीच्या दिवसांत आमच्या घरात जी शिकवणी चालली, तिच्यापुढे पौडची शाळा काहीच नव्हती. आई हिराला भरवताना म्हणायची, "बयाची चंची कंची? निळ्या गोंड्याची. बयाची फणी कंची? जिचं दोन दात पडल्यात ती." चंची म्हणजे पान-सुपारीची कापडी पिशवी, बयाच्या कमरेला ती कायम असायची. आई गप्प झाली की कुडापलीकडून काकीचा आवाज यायचा, "तांब्या कंचा? पोचा आलेला. काठी कंची? चांदीची मूठ... न्हाई गं बाई, पितळंची." आई कान देऊन ऐके आणि तांब्या-काठी आमच्या धड्यात येत. थोड्या वेळाने फणी आणि चंची त्यांच्या धड्यात जात. दोघी जणी एकमेकींवर डाफरत, पण कारवीचा कूड कुणाची बाजू घेत नव्हता. आबा ओसरीवर बसून सुपारी कातरत दोन्हीकडचं ऐकत असावेत. लोक त्यांना बहिरे समजत. माझ्या मते ऐकण्याजोगं काही नसलं की ते बहिरे होत.

रविवारी सकाळी धारा झाल्यावर अंगणात घोंगडी पसरली. बयाच्या चार वस्तू आणि तशाच इतरांच्या चार-चार वस्तू काशीआत्याने मिसळून मांडल्या. अर्धा गाव जमला होता. आधी मनीला सोडलं. ती सरळ गेली, निळ्या गोंड्याची चंची उचलली, दोन दात पडलेली फणी उचलली, पोचा आलेला तांब्या, पितळी मुठीची काठी. लोकांनी "आँ!" केलं. काकीने डोळ्याला पदर लावला. मनी वळून मोठ्याने म्हणाली, "आन आईनं शिकवलं असं सांगायचं न्हाई."

अंगण हसून लोटलं. दादा सर्वांत मोठ्याने हसले. मग आमची हिरा आली. तिनेही चारही वस्तू तितक्याच बिनचूक उचलल्या आणि आईसमोर हात पसरला, "आता गूळ दे. तू देती म्हणालीस."

काशीआत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शिनेमात असं काही झालं नव्हतं. "म्हंजे आता दोघींत अर्धी अर्धी आली का काय?" ती म्हणाली.

"पोरीला पढवलीस व्हय रं रघ्या?" तात्या ओरडले. चार-साडेचार वर्षांत दादांशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य, आणि मध्ये म्हैस नव्हती.

"आन तू काय केलंस? तुझी तर सांगून मोकळी झाली!"

"माझ्यावर आईचा राग न्हवता, रघ्या. तुझ्यावर व्हता म्हणून कावळा आला न्हाई."

"तुझ्यावर व्हता! शेवटच्या दिवसात तू किती येळा जवळ बसलास? सांग की!"

तात्या म्हणजे एवढा धिप्पाड माणूस, त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरू लागला. ते पाहून दादांनीही तोंड फिरवलं. अंगणातलं हसणं थांबलं. हे सगळं खेळात निघालं होतं आणि आता कुणाला पुढे काय करावं ते कळत नव्हतं.

"बायको कुणाची व्हती ती?" ओसरीवरून आबा म्हणाले.

सगळे वळले. आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "माझी व्हती ना? मग मला इचारलं का कुणी? सारा गाव गोळा केला, सुईण बोलावली, पोरी नाचवल्या. नवऱ्याला मातूर कुणी इचारंना, की बाबा, तुझी बायको कुटं गेली असंल."

"सांगा की मग, मामंजी," काकी पदराआडून म्हणाली.

"हितं न्हाई आली ती. ह्या घरातनं सुटायला तिचा सारा जल्म गेला. आन आता तर हितं दोन चुली, दोन तोंडं, मधी कूड. हितं परत कशाला येईल? येडी व्हती का ती? जल्मभर नदीच्या घागरी वाहिल्या तिनं. गेली असंल पुण्याला. नळ असलेल्या घरात जन्माला आली असंल आन आता पाय पसरून बसली असंल."

काशीआत्याला आधी हसू फुटलं, मग सगळ्या बायकांना. त्यांच्यातली कोणतीही नळ असलेल्या घरात जायला एका पायावर तयार होती. आईसुद्धा हसली. तात्या मात्र हसले नाहीत. त्यांनी ओसरीपाशी येऊन अगदी हळू विचारलं, "मग आबा, कावळा का शिवला न्हाई?"

"शिकरा बसला व्हता की वर. जांभळीच्या शेंड्याला. तो बसल्यावर कावळा खाली उतरतोय व्हय? तिचा राग न्हाई आन काय न्हाई. पाखराचं भ्या पाखराला."

"मग तवाच का न्हाई बोलला?" दादा म्हणाले.

"बोलू कुणाला दिलंत? तुमचंच चाललं व्हतं."

मग दादा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पर शिकऱ्याला कावळं भीत न्हाईत. कावळंच त्याच्या मागं लागत्यात."

"मोरघार असंल मग," तात्या म्हणाले. "तिला भित्यात. आन तिचं घरटं हायच नदीवर. उंबरावर."

"उंबरावर न्हाई, जांभळीवर."

"आरं, मी गुरं वळायला जायचो तितं. उंबरावर!"

"चल दाखव. चल."

आणि दोघे निघाले. पायात वहाणासुद्धा घातल्या नाहीत. वेशीपर्यंत हातवारे करत, एकमेकांचं बोलणं तोडत, खांद्याला खांदा लावून गेले. अर्धा गाव तोंड उघडं टाकून पाहत राहिला. काशीआत्या आपली चंची उचलत म्हणाली, "शिनेमात पाया पडून मिटलं व्हतं. ह्यांचं भांडून मिटलं." काकी आणि आई एकमेकींकडे न पाहता एकाच घोंगडीची दोन टोकं धरून ती झटकत होत्या.

जेवणाच्या वेळी दोघे परतले. घरटं जांभळीवर होतं की उंबरावर, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्यांचं ते पुढे वर्षानुवर्षं चाललं. त्या दिवशी तात्या आमच्या ओसरीवर बसले आणि आईने न विचारता त्यांच्यापुढे तांदळाची भाकरी आणि खेकड्यांचा रस्सा ठेवला. ते खाली मान घालून जेवले आणि दुसऱ्यांदा रस्सा मागताना म्हणाले, "मिरची लई हाय बरं का." दुपारी काकीचा भाऊ गाडी घेऊन आला. तात्यांनी त्याला पेंढा भरून दिला आणि सांगितलं, "अर्धेलीला दुसरा गडी बघा. आमी कुटं येत न्हाई." तो बिचारा गाडीवर पेंढ्याचा डोंगर घेऊन गोंधळून परत गेला. त्या भऱ्यात आता कारखाने आहेत. परवा तिथून गाडीने जाताना मी ड्रायव्हरला सांगत होते की इथे माझी शाळा संपणार होती. त्याला काहीच कळलं नाही, पण तो "हो आजी" म्हणाला.

तुम्हाला वाटेल की मग कूड पाडला, चुली एक झाल्या. तसं झालं नाही. दोन्ही बायकांना आपापल्या चुलीची सवय झाली होती आणि खरं सांगायचं तर आवडही. आबाही महिन्या-महिन्याने पितळी घेऊन पलीकडे जातच राहिले, कारण दोन सुनांच्या हातची चव त्यांना सोडायची नव्हती. फक्त म्हशीला निरोप सांगणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. शेवंता अंगणात येऊन हाका मारू लागली, "कमे, आवर की गं!" मी भाकरीचं फडकं आणि पाटी घेऊन बाहेर पडले. आबा ओसरीवर उन्हाची वाट पाहत बसले होते. कालपासून मला एक गोष्ट खात होती. अंगणातली म्हैस कोणती आणि रेडकू कोणतं हे त्यांना बया असल्यापासूनच हाताने चाचपल्याशिवाय कळत नसे. मी जवळ येऊन उभी राहिले की ते विचारायचे, "कोण, कमा का शेवंता?" मी त्यांच्या शेजारी वाकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "आबा, जांभळीच्या शेंड्यावरचं पाखरू तुम्हाला दिसलं कसं?"

आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि सावकाश इकडून तिकडे फिरवलं.

"तुला शाळंला जायाचंय न्हवं?" ते म्हणाले. "मग जा की."